गुणाजीची लाकडी टर्की

गुणाजी मेस्त्रीला साधी वस्तू साधी ठेवता येत नसे. शटरिंगची फळी म्हणजे काय, काँक्रीट ओतून झालं की उपटून फेकायची चीज. पण हा गृहस्थ तिच्याही कडा घासून गुळगुळीत करायचा. रियाधच्या अल सुलै भागातल्या गोदामांच्या यार्डात तो पहिल्यांदा कामाला लागला, तेव्हा फोरमननं कपाळाला हात लावून विचारलं होतं, "ये फट्टा क्या बेटी को दहेज में देना है?" गुणाजी हसला आणि घासत राहिला. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबे, पोपट आणि नवरानवरीच्या बाहुल्या करण्यात त्याचं तारुण्य गेलं होतं. ते हात फोरमनच्या एका ओरडण्यानं थोडेच बदलणार?

त्या यार्डातून त्याला सोडवलं ते याच खोडीनं. उत्तरेच्या हाइलकडचे एक म्हातारे जमीनदार, अबू सालेह, दारांच्या चौकटी घ्यायला तिथे आले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. व्यवहार राहिला बाजूला, आणि बाबा काठीवर हनुवटी टेकून या माणसाचं फळी घासणं बघत उभे राहिले. शेवटी यार्डाच्या मालकाला म्हणाले, "चौकटी राहू दे. हा माणूस मला दे." कफील, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना तो मालक, बदलायला कागदपत्रांचे जे काय सोपस्कार होते ते झाले, आणि थंडीच्या तोंडावर गुणाजी आपली पत्र्याची ट्रंक घेऊन हाइलच्या गव्हाच्या शेतावर येऊन पडला.

तेलाच्या पैशानं तेव्हा वाळवंटात गहू उगवायला लागला होता. मधल्या खांबाभोवती चाकांवरचा लांबलचक नळ फिरायचा आणि जिथवर त्याचं पाणी पोचे तिथवर हिरवंगार, त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं की नुसती वाळू. हे नळ सांभाळायला कऱ्हाडकडचा धोंडीराम होता. गुणाजी आणि तो एकाच खोलीत राहत. गुणाजी त्याच्याशी मालवणीत बोले, तो आपल्या घाटी बोलीत उत्तर देई आणि दोघांचीही खात्री होती, की समोरच्याला शुद्ध मराठी येत नाही.

बाबांचं आणि गुणाजीचं जमलं ते सुतारकामाच्या शेडमध्ये. दुपारची नमाज झाली की बाबा कहव्याची किटली घेऊन तिथे येत आणि रंध्याखाली निघणाऱ्या सालपांचा वास घेत बसत. दोघांत मिळून कामचलाऊ अरबी आणि त्याहून कामचलाऊ हिंदी. पण म्हाताऱ्याला बोलायची हौस आणि गुणाजीला ऐकायची. बाबांनी ऐन उमेदीत ससाण्यांनी शिकार केली होती, उंटावरून केली होती, आणि आता ससाणेही नव्हते आणि उंटही. उरली होती एक दुनळी बंदूक. तिची नळी ते मांडीवर घेऊन तेलाच्या फडक्यानं पुसत असत. नातवाला कुणी इतकं पुसणार नाही.

आणि नेमकी तीच बंदूक जाण्याच्या बेतात होती. बाबांना काचबिंदू झालेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तेवढी जपा, असं रियाधच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाबांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कळलं ते टायर फुटला तेव्हा. ससा समजून त्यांनी आपल्याच पिकअपच्या मागच्या चाकावर गोळी झाडली होती! त्यांचा थोरला मुलगा नासिर रियाधला असे. तो धावत आला आणि म्हणाला, "खलास. आता बंदूक माझ्या घरी जाईल." बापलेकांची दिवसभर धुमश्चक्री झाली. शेवटी बाबा म्हणाले, "कापणीच्या आत मी एक दीक रूमी मारून दाखवतो. नाही जमलं, तर घेऊन जा."

हे दीक रूमी म्हणजे टर्की कोंबडे. वाळवंटात ते कुठून आले, असं कुणालाही वाटेल. ते नासिरचंच डोकं. रियाधमधल्या अमेरिकनांना सणाला टर्की लागते म्हणून त्यानं पिल्लं मागवून मोठी शेड बांधली होती. पुढे एका वादळात शेडचे पत्रे उडाले आणि वाचलेली पाखरं शेताकडेच्या झाऊच्या झाडीत पळाली. तिथेच वाढली, तिथेच अंडी घातली. दोन हंगामांत त्यांची माणसाशी ओळखच पुसली गेली. रात्री झाडावर, पहाटे गव्हाच्या कोंबांवर, आणि पाऊल वाजलं की पसार. धोंडीराम त्यांना 'इलायती लांडोर' म्हणे आणि शिव्याही अस्सल कऱ्हाडी देई.

दुसऱ्या दिवशी बाबा शेडमध्ये आले ते किटली न घेताच. गुणाजीच्या पुढ्यात बसले आणि हळूच म्हणाले, "गुणाजी, लांबचं मला दिसत नाही. पण ते पाखरू माझ्याजवळ आणता येईल का? अगदी जवळ?"

म्हाताऱ्यानं ही कबुली ना मुलाजवळ दिली होती, ना आणखी कुणाजवळ. मागचापुढचा विचार न करता गुणाजी म्हणाला, "आणतो, बाबा."

आणायचं कसं, ते ठाऊक होतं डेलसाहेबाला. हा शेतीचा अमेरिकन मॅनेजर, मिसुरीकडचा. लहानपणापासून रानातल्या टर्कीमागे फिरलेला. विषय निघताच त्यानं हातातली कामं टाकली, ओठ मुडपून टर्कीच्या मादीसारखा असा काही आवाज काढला की धोंडीराम दोन पावलं मागे सरला. मग साहेब सांगू लागला आणि धोंडीराम त्याचं मराठी करू लागला.

"साहेब म्हन्तोय, लाकडाची मादी कर. नर नगं. नराचं डोस्कं लाल आसतंय, आन ते दिसलं की दुसरा शिकारी त्याच्यावरच बार काढतोय. मादी ठिवायची झाडाफुडं वीस पावलांवर. बंदूकवाल्यानं पाठ टेकायची बुंध्याला, आन बुंधा खांद्यापरीस रुंद पायजे. मादीच्या मागचं रान मोकळं दिसाय पायजे, बार चुकला तर कुटं जाईल ते ठावं आसाय पायजे."

"आणि?"

"मादी उघडी मिरवायची न्हाई. शेंदरी फडक्यात गुंडाळून न्यायची, आन परत आनताना बी तसंच."

हे गुणाजीला फारच पटलं. कोकणात गणपतीची मूर्ती शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, घरी आणतात ती तोंडावर कापड घालूनच. रस्त्याकडेच्या कामगारांना घालायला देतात त्यातलं एक शेंदरी जाकीट उसवून त्यानं लगेच पिशवी शिवायचं ठरवलं.

"लाल, पांढरं, निळं आंगावर घालायचं न्हाई," धोंडीराम पुढे म्हणाला, आणि साहेबानं गुणाजीच्या डोक्याकडे बोट दाखवून मान हलवली. गुणाजीच्या डोक्याला लालभडक माकडटोपी होती.

"पारूनं इणलली टोपी ती," गुणाजी म्हणाला. पारू म्हणजे त्याची बायको. "हयसरली थंडी तेका सांग म्हणा."

"ती नगं म्हन्तोय. आन ध्यान दे, हे लई म्हत्त्वाचं. बंदूक जाग्यावर आली की लाकडापाशी जायाचं न्हाई. आन कुनी आपल्याकडं नेम धरलेला दिसला, तर हात हलवायचा न्हाई. हललं की त्याला पाखरूच वाटतंय. जाग्यावर थांबायचं आन मानसावानी मोठ्यांदा वरडायचं."

गुणाजीनं सगळ्याला 'येस साहेब' म्हटलं. तो लाकूड कुठलं घ्यावं याच्या विचारात केव्हाच शिरला होता.

गावी असता तर त्यानं पांगारा घेतला असता. इथे पंपांच्या खोक्यांचं देवदारी लाकूड मिळालं, तेच त्यानं जोडून, तासून, कोरून काढलं. आठवडाभर शेडचं दार आतून बंद. बाबांनाही मज्जाव. आणि मग एका संध्याकाळी त्यानं दार उघडलं. काय ती टर्की! पिसापिसावर तांबूस सोनेरी रंग, गळ्याखाली गुलाबी, वर लाखेची अशी झिलई की धोंडीरामनं तिच्यात बघून भांग पाडला. गुणाजी कमरेवर हात ठेवून उभा होता. मुलीला बघायला पाहुणे आलेत आणि मुलगी देखणी आहे, तशी त्याची ऐट.

डेलसाहेबानं ती हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली, 'ब्यूटिफुल' म्हणाला आणि धोंडीरामच्या कानात काहीतरी पुटपुटला. धोंडीराम हसू दाबत म्हणाला, "साहेब म्हन्तोय, ही त्येच्या टेबलावर ठिवायला दे. पाखरं हिला बघून हाइल सोडत्याल."

"कित्याक?"

"चकाकतीया लेका! खरं पाखरू कवा चकाकतंय का? तू तर नवरीच सजवलीस."

गुणाजीला ते खरं वाटेना. दुसऱ्या पहाटे त्यानं ती झाऊपुढे नेऊन ठेवली आणि बुंध्याआड दबून बसला. ऊन वर आलं, टर्कीच्या पाठीवर लखकन चमकलं, आणि पलीकडे चरणारा अख्खा थवा माना वर करून जो पळत सुटला तो दुसऱ्या शेतातच थांबला. त्या दिवशी गुणाजी जेवला नाही. "चकचकीत नाय करूचा, तर मगे रंगवूचा कित्याक?" एवढंच तो दोनतीनदा म्हणाला.

दुसरी टर्की करताना त्याला खरा त्रास झाला. रंग द्यायचा आणि वाळूनं घासायचा, परत द्यायचा, चहाच्या उकळीनं मळवायचा, राख चोळायची. जन्मभर जे टाळलं ते हातानं करायचं. पण काम हातात घेतलं की गुणाजीला अर्धवट सोडता येत नसे, तिथे वाईट दिसण्याचंही त्यानं मनापासून केलं. आणि ती मळकी, बसक्या मानेची, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी मादी झाडापुढे ठेवल्यावर पहिल्याच पहाटे एक दांडगा नर पिसारा फुलवून तिच्याभोवती घिरट्या घालायला लागला. बुंध्याआड बसलेला गुणाजी तोंडात टोपी कोंबून हसत होता. त्या दिवशी त्यानं बाबांना हात धरधरून सगळं करून दाखवलं, पिसाऱ्यासकट. "इतका जवळ, बाबा! इतका!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नासिरला निरोप धाडला, शुक्रवारी जेवायला ये.

शुक्रवारचा बेत पक्का होता. गुणाजीनं अंधार असतानाच जाऊन मादी मांडायची. पहाटेची नमाज झाली की धोंडीरामनं बाबांना पिकअपमधून आणायचं. गाडीचा आवाज आला की गुणाजीनं बुंध्यापाशी परतायचं. यात चूक कुठेच नव्हती. पण बेत माणसांनी करायचा असतो आणि माणसं शेवटी आपल्या वळणावर जातात.

बाबांनी नमाज उरकली आणि गाडीची वाट पाहिलीच नाही. शिकारीला कुणी मोटारीतून जातं? ते आपल्या पाऊलवाटेनं, बंदूक काखेत धरून, काडीचाही आवाज न करता आले आणि ठरलेल्या झाऊला पाठ टेकून बसले. पन्नास वर्षांचा शिकारी तो. शेजारच्या पानालाही पत्ता लागला नसेल.

आणि गुणाजी? तो तेव्हा बुंध्याआड नव्हताच. नळाच्या पाण्याचा ओलावा मादीच्या पाठीवर बसला होता आणि फटफटायला लागताच ती पाठ चकाकायला लागली होती. एवढंसं चकाकणं, पण एकदा पोळल्यावर गुणाजीनं आता ताकही फुंकून प्यायचं ठरवलं होतं. कंपनीचं मातकट ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळून तो मादीमागे गुडघ्यावर बसला आणि बाहीनं एकेक पीस टिपू लागला. थंडी अशी की दात वाजत होते. डोक्याला अर्थातच पारूची टोपी होती, गाडीचा आवाज आला की काढू म्हणून ठेवलेली.

बाबांना काय दिसलं असेल? समोर आपली मादी, ओळखीची. आणि तिच्यामागे तांबूस अंगाचं, लाल डोक्याचं काहीतरी, खाली वाकतंय, वर होतंय, परत वाकतंय. नर आला होता! इतके दिवस नुसती धूसर झालेली दुनिया, आणि आज तिच्यात एक लाल ठिपका त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता. त्यांनी बंदूक खांद्याला लावली.

घोडा मागे ओढल्याचा 'खट्' गुणाजीनं ऐकला. मान वर करून पाहिलं तर दोन नळ्यांची दोन काळी भोकं थेट त्याच्या तोंडाकडे. त्याचा हात आपोआप वर उठायला लागला, 'बाबा, मी, मी' असं सांगायला. आणि तो अर्ध्यात थिजला. हललं की पाखरू. ओरडायचं, माणसासारखं ओरडायचं. पण काय ओरडायचं? अरबी गेली, हिंदी गेली, साहेबाची दोनचार इंग्रजी अक्षरं होती तीही गेली. उघडलेल्या तोंडातून बाहेर पडलं ते गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा! ह्या परमुलखात तुजो लेकरू बंदुकीच्या तोंडार इलो असा रे म्हाराजा! ती नळी बाजूक कर रे म्हाराजाऽऽ!"

कोकणात देवळाबाहेर गावकरी असं गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. सौदीत आपल्या देवाचं नाव मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. गुणाजी दर चतुर्थीला खोलीचं दार लावून, पुठ्ठ्यावर काढलेल्या गणपतीपुढे, कुजबुजत गाऱ्हाणं घाली आणि धोंडीराम तितक्याच हळू साथ देई. आज ते मोकळ्या आभाळाखाली, फुप्फुसं फुटेस्तोवर निघालं होतं. दूर नळाच्या मनोऱ्याखाली पिकअप सुरू करत असलेल्या धोंडीरामच्या कानावर ते पडलं. काय चाललंय हे त्याला कळलं नाही, पण सवय झालेली. त्यानं तिथूनच बेंबीच्या देठापासून साथ दिली.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

आणि देवानं ऐकलं म्हणा, की बाबांनी. पण बंदूक खाली आली. दुसऱ्याच क्षणाला झाऊच्या झाडीतून कुणीतरी तिसऱ्यानंही ओ दिली: गडगडगड करत खऱ्याखुऱ्या नर टर्कीनं. मोठा आवाज झाला की हा प्राणी उत्तर दिल्यावाचून राहत नाही, हे डेलसाहेबानं सांगायचं राहून गेलं होतं.

गुणाजी रांगत बुंध्यापर्यंत आला. बाबांचा चेहरा पाहून मात्र तो स्वतःची भीती विसरला. म्हातारा पांढराफटक पडला होता. त्यांनी बंदूक बिजागरीवर उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि वाळूत ठेवली. मग त्यांनी गुणाजीचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं, कपाळ, नाक, गाल चाचपले, लाल टोपीवरून हात फिरवला.

"तू होतास?"

"मीच, बाबा. माझीच चूक. टोपी काढायला हवी होती."

"मला पाखरू दिसलं," बाबा म्हणाले. "अल्लाशपथ, मला पाखरूच दिसलं."

गुणाजीनं टोपी काढून खिशात कोंबली. तेवढ्यात वाळूवर पंख घासल्याचा आवाज आला. झाडीतून तो नर बाहेर पडला होता, गाऱ्हाण्याला ओ देणारा. मान ताठ, छाती पुढे, पिसारा पंख्यासारखा उघडलेला. तो सरळ लाकडी मादीपुढे येऊन डौलात फिरायला लागला. वीस पावलांवर! ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो समोर उभा होता.

"बाबा," गुणाजी श्वासानंच म्हणाला, "आला. तो बघा."

"कुठे?"

बाबा बघत होते, पण भलतीकडे. करडा पक्षी, करडी वाळू, करडा उजेड, आणि त्याचं लाल डोकं टोपीच्या मानानं एवढंसं. गुणाजीनं त्यांची हनुवटी हलकेच वळवली. बाबांनी डोळे बारीक केले, मोठे केले. मग मान हलवली. आणि गुणाजीला कळलं, की लाकडाची कितीही चांगली मादी कोरली तरी पाखरू यापेक्षा जवळ येणार नव्हतं.

त्याला रडू आलं. राग आला. कुणाचा, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं वाळूतली काडतुसं उचलली. "बाबा, मी नळी धरतो. मी नेम लावतो. तुम्ही नुसता चाप ओढा. पाखरू तुमच्याच हातनं मरेल. मी कुणाला सांगणार नाही, देवाशपथ."

बंदुकीच्या दस्त्यावरून बाबांचा अंगठा फिरत होता.

"आज तू नळी धरशील," ते शेवटी हळूच म्हणाले. "मग बंदूक माझ्याकडेच राहील. आणि उद्या मी एकटाच येईन, कारण मी मला ओळखतो. उद्या तुझ्या जागी धोंडीराम असेल." त्यांनी काडतुसं गुणाजीच्या हातातून घेतली आणि बुंध्यामागे टाकली. "राहू दे. तू मला सांग, काय करतोय तो?"

गुणाजीनं बाहीनं नाक पुसलं आणि सांगायला लागला. अरबी तोकडी, हिंदी तोकडी, उरलेलं मालवणीत. "आता फिरला, बाबा. पाठ आपल्याकडे. पिसारा लाल मातीसारखा, कडेला पांढरी रेघ. आता थांबला. तिच्याकडे बघतोय. ती काही बघत नाही. लाकडाची ती, कशी बघणार? आता रुसला, डोकं खाली घातलं..." बाबा डोळे मिटून ऐकत होते, आणि रुसल्याचं ऐकून त्यांच्या दाढीत हसू आलं.

जुम्म्याची नमाज आटोपून नासिर आला. बाबांनी त्याला जेवूही दिलं नाही आधी. सगळ्यांसमोर, धोंडीराम आणि डेलसाहेबासमोर, ते म्हणाले, "आज सकाळी मी या माणसाला मारणार होतो. बंदूक घेऊन जा." नासिरला वाटलं होतं आणखी एक भांडण होईल. त्याची तयारीच नव्हती याला. तो बापापुढे वाकला, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि बंदूक चादरीत गुंडाळून गाडीत ठेवली. गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत गुणाजी शेडच्या दारात उभा होता. मग आत जाऊन त्यानं रंधा हातात घेतला आणि एकही फळी न घासता तसाच बसून राहिला.

दुपारी बाबा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या पहाटे मात्र गुणाजीच्या खोलीच्या दारावर काठी वाजली. "यल्ला, गुणाजी! उठ. तुझी मादी घे."

"पण बाबा, बंदूक..."

"बंदुकीला काय करायचंय? डोळे तुझ्याकडे आहेत."

मग तो रिवाजच पडला. झाऊला पाठ टेकून दोघे शेजारी शेजारी बसायचे, मध्ये कहव्याची किटली, पुढे लाकडी मादी. माकडटोपी आता उघड उघड डोक्यावर असे. नर यायचे, भांडायचे, रुसायचे, आणि गुणाजी सांगत राही. सांगता सांगता तो चांगलाच रंगायला लागला. एका नराचं नाव त्यानं 'नासिर' ठेवलं, उगीचच छाती काढून फिरतो म्हणून. बाबा इतके हसले की पाखरं उडाली. "लाकूड घासून पोट भरंना, आता किर्तनकार झालाय गडी," असं धोंडीराम म्हणे. पण रोज पहाटे नळ थोडा उशिरा सुरू होई, आवाजानं पाखरं बुजू नयेत म्हणून. आणि डेलसाहेब त्याबद्दल कधी विचारत नसे.

गहू सोनेरी झाला. कापणी तोंडावर आली, ऊन तापायला लागलं. माद्या अंड्यांवर बसल्या आणि नरांचं येणं कमी कमी होत गेलं. एका पहाटे ते दोघे नेहमीसारखे बसले. वाळूवर काही हललं नाही. झाडीतून आवाज नाही. ऊन मादीच्या पाठीवर आलं तरी कुणी आलं नाही. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे गुणाजीला बघवेना.

"आला, बाबा," तो हळूच म्हणाला. "एकटाच आहे. मोठा आहे, आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठा. पिसारा उघडतोय. ऊन पडलंय त्याच्यावर. तांबं, सोनं, हिरवा, सगळे रंग चमकतायत. असा आपण बघितलाच नव्हता कधी..."

बाबा ऐकत होते. थोड्या वेळानं, तोंड न वळवता, ते म्हणाले, "गुणाजी, माझे डोळे गेलेत. कान अजून शाबूत आहेत. आज काहीच आलेलं नाही."

गुणाजीचे कान तापले. मान खाली घालून तो वाळूत बोट फिरवत राहिला.

"थांबलास का?" बाबा म्हणाले. "पुढे सांग. किती जवळ आलाय?"

गुणाजीनं मान वर केली. "अगदी जवळ, बाबा. हात लांब केलात तर पिसाला लागेल."

आणि बाबांनी हात लांब केला.